हलकी इलेक्ट्रिक एमटीबी, ७० हजारात आणि २० किलोच्या आत : प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

दिवाळी आवरली, बोनस खात्यात पडला, आता हे लिहून ठेवतोय म्हणजे कुठं किती गेले त्याचा पत्ता राहील. पाहिजे काय तर डोंगरावर चालणारी इलेक्ट्रिक सायकल, म्हणजे एमटीबी, माउंटन बाइक. रस्त्यावरची नको, स्कूटर तर नकोच, बेळगावातच उद्यमबागच्या कारखान्यांकडं कामाला जायला मोटरसायकल आहेच. रविवारी सकाळी राजहंसगड, वैजनाथ, जांबोटीकडचे मातीचे रस्ते, एवढ्यासाठीच. गुडघ्याचं लिगामेंट गेल्या वर्षी दुखावलं तेव्हा डॉक्टर म्हणाले सायकल चालवा पण चढावर उभं राहून जोर मारू नका, आणि आमच्या भागात चढ सोडून सायकल चालवायची म्हणजे कॅम्पात गोल गोल फिरायचं.

दोन अटी ठरवल्या. एकूण खर्च ७० हजाराच्या आत, सगळं धरून, चार्जरसकट. आणि वजन २० किलोच्या आत. दुसरी अट ऐकून लोक हसतात, मोटर हाय की गा, वजन कशाला बघूलास? पण शहापूरच्या आमच्या गल्लीत घर दुसऱ्या मजल्यावर, खालचा मजला मागवाल्यांना भाड्यानं दिलेला, जिना लाकडी आणि मध्ये वळणारा. खाली ठेवायला जागा नाही आणि एवढी महाग वस्तू गल्लीत कोण ठेवणार. म्हणजे दर रविवारी २५ किलोचं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन उतरायचं आणि दमून आल्यावर परत चढवायचं. शिवाय महिपाळगडाला पायऱ्या, शेतात बांध, ओढ्याला पाणी, तिथं मोटर उचलायला येत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी झाल्यावर दुकानं हिंडलो. सोबत हुक असलेला लटकता वजनकाटा घेतला, मासेवाले वापरतात तसला, दुकानातली पोरं बघत राहिली. सायकलीच्या कागदावर वजन लिहिलेलं असतं ते कधी बॅटरी सोडून, कधी पॅडल सोडून, कधी लिहिलेलंच नसतं, त्यामुळं काटाच खरा.

आपल्याकडं तयार मिळणाऱ्या इलेक्ट्रिक एमटीबी, ३० ते ५५ हजारातल्या, सगळ्यांचा साचा साधारण एकच. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, पुढं स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क, सात गिअर, वायरीनं ओढणारे मेकॅनिकल डिस्क ब्रेक. काट्यावर हलकी निघाली ती २२ च्या वर, जाड टायरची २६ ला टेकली. शहरात ऑफिसला जायला या सायकली चांगल्याच आहेत, हिरो लेक्ट्रो, पुण्याची ई-मोटोरॅड, यांच्यामुळं ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली हे मान्य. पण नावात एमटीबी असली तरी डोंगरासाठी बनवलेली नाही.

एका ठिकाणी टेस्ट राइड मिळाली तेव्हा बाजूच्या मुरमाच्या चढावर मुद्दाम घातली. पॅडल मारलं, अर्धा फेरा कायच नाही, मग एकदम मोटर ओढायला लागली आणि मागचं चाक मुरमावर सटकलं. याचं कारण सेन्सर. स्वस्त सायकलीत केडन्स सेन्सर असतो, त्याला पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, पाय किती जोर लावतोय ते कळत नाही, त्यामुळं हळू मारा की जोरात मारा, मोटर आपली ठरलेली ताकद देते. टॉर्क सेन्सर असला तर तुमच्या जोराच्या पटीत मोटर देते, हलकं दाबलं तर हलकं. मातीवर, वळणावर, दगडावर हाच खरा फरक आहे.

दुकानात मी पहिला प्रश्न एकच विचारतो, बॅटरी वेगळी घेतली तर केवढ्याला? सायकलीची किंमत नंतर. कारण लिथियम बॅटरी पाच-सातशे पूर्ण चार्जनंतर क्षमता सोडायला लागते, आणि ती फ्रेमच्या आत त्याच कंपनीच्या आकाराची असेल तर दुसरीकडून बसत नाही. एकानं २२ हजार सांगितले, दुसरा म्हणाला ऑर्डर द्यायला लागते, तिसरा म्हणाला ‘तोपर्यंत नवीन मॉडेल येतंय की हो साहेब’. यातलं शेवटचं उत्तर सर्वात महाग.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज कुठं जायचा प्रश्नच नाही. इकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, सायकल फेरी, तिकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, अर्धा गाव एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला, पोलीस मध्ये. सकाळी गल्लीतली एरवी धूळ खात पडलेली एक-एक सायकल हवा भरून बाहेर पडली, त्यातल्या एका जुन्या काळ्या सायकलचं वजन करायचा मोह झाला पण म्हातारे काका फेरीला निघालेले, राहू दे म्हटलं.

घरी बसून जगात ‘हलकी’ कशाला म्हणतात ते बघितलं. बाहेर आता दोन जाती झाल्यात. एक फुल पॉवर, ८५ न्यूटनमीटर (फिरवायच्या जोराचं माप) वगैरेची मोटर, ६००-८०० वॅट-अवरची (किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी, वजन २२ ते २५ किलो. दुसरी लाइट, मोटर लहान, बॅटरी लहान, १६ ते १९ किलो. २०२० ला स्पेशलाइज्डची लेव्हो एसएल आली तिची मोटर फक्त ३५ न्यूटनमीटर आणि बॅटरी ३२० वॅट-अवर. नंतर टीक्यूची एचपीआर-५०, ही ५० न्यूटनमीटर आणि मोटरचं वजन दोन किलोच्या आत. फाझुआ राइड ६० आली, बॉशची परफॉर्मन्स लाइन एसएक्स आली, ५५ न्यूटनमीटर, सोबत ४०० वॅट-अवरची बॅटरी. आणि २०२४ ला ड्रोनवाल्या डीजेआयनं अव्हिनॉक्स मोटर काढून सगळ्यांचं गणित बिघडवलं, अडीच किलोची मोटर आणि १०५ न्यूटनमीटर.

यातून माझ्या कामाचं काय निघालं तर हलक्या सायकली करणाऱ्या कंपन्यांनी मोटरपेक्षा बॅटरीत जास्त कात्री लावलीय. फुल पॉवर सायकलीत मोटरपेक्षाही बॅटरी जड असते, आणि रविवारी तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला ७०० वॅट-अवर घेऊन हिंडायची गरज नाही. माझंही गणित तिथूनच सुरू करायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाचा जर्मनीत आहे, त्यानं लिंक पाठवली. लॉकडाऊनमध्ये सायकलींची मागणी वाढली म्हणून कंपन्यांनी भरमसाट माल बनवला, मग मागणी बसली आणि गोदामं भरून राहिली, त्यामुळं तिकडं दोन-तीन वर्षं मोठी सूट चाललीय. १८ किलोची, कार्बन फ्रेम, टॉर्क सेन्सर, सगळं मनासारखं, ३,२०० युरो. युरो शंभर रुपयाला धरला तरी तीन लाख वीस हजार, घरात बोललोच नाही. तरी भाचा म्हणाला, ‘मामा, एक वर्ष वापरलेली दीड हजार युरोत मिळतीय, मी जानेवारीत येऊलोय, बॉक्समध्ये घालून आणतो.’

बॅटरीचं काय, विचारलं. विमानात प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी काढून, त्याच्या वर नाहीच. सायकलची बॅटरी ३५०-४०० ची. म्हणजे बॅटरी सोडून सायकल येणार, आणि अशा मोटरी दुसरी कुठलीही बॅटरी जोडली की चालतात असं नाही, आतलं इलेक्ट्रॉनिक्स एकमेकांना ओळखायला लागतं. वर कस्टम ड्युटी. वर बिघडली तर कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय कोण उघडणार नाही. भाच्याला म्हटलं तू ये, पुरणपोळी खा, सायकल राहू दे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कायदा बघून घेतला कारण ऑफिसात एकजण ठामपणे सांगत होता की नंबर प्लेट लागते. लागत नाही, पण अटीत बसली तर. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं मोटरची ताकद पाव किलोवॅटच्या आत पाहिजे, ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद झाली पाहिजे आणि पॅडल थांबवलं की मोटर थांबली पाहिजे, मग ती सायकलच, मोटार वाहन नाही, लायसन्स नाही, रजिस्ट्रेशन नाही. तयार सायकलीला एआरएआय किंवा आयसीएटी या वाहन तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र असतं. घरी किट बसवलेल्याला असा कागद नसतो, ते लक्षात ठेवूनच निर्णय घ्यायचा. बाजारात १,००० वॅटची किटंही मिळतात आणि पोरं बसवतात, ती मोटरसायकलच झाली मग.

कराचं पण लिहून ठेवतो. इलेक्ट्रिक सायकल इलेक्ट्रिक वाहनात धरतात, ५ टक्के जीएसटी, २०१९ पासून. साधी सायकल आणि तिचे पार्ट्स १२ टक्क्यात होते ते २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ वर आले. सुटी लिथियम बॅटरी मात्र १८ टक्क्यात. म्हणून बॅटरीचा भाव विचारताना ‘टॅक्स धरून की सोडून’ हे आधी विचारायचं, ऐनवेळी दोन-अडीच हजार वर निघतात.

९ नोव्हेंबर, रविवार

किट बसवायचं ठरतंय. तयार २२ किलोची घेऊन हलकी करायची म्हटलं तर हात कुठं घालणार, फ्रेमच जड. उलट चांगली वापरलेली हलकी हार्डटेल घेतली, म्हणजे पुढं फोर्क आणि मागं सस्पेन्शन नाही अशी, तर तेरा-साडेतेरा किलोपासून सुरुवात होते. मोटर, बॅटरी, वायरी मिळून पाच किलो वाढले तरी मी आत आहे.

आता हब मोटर की मिड ड्राइव्ह. हब मोटर चाकात, बसवायला सोपी, स्वस्त, चेनवर ताण नाही. पण तिला गिअर मिळत नाहीत, चढावर चाक हळू झालं की मोटर पण हळू, तिथं ती करंट खाते आणि तापते. मिड ड्राइव्ह पॅडलच्या दांड्यापाशी बसते आणि तुमच्याच चेनमधून, तुमच्याच गिअरमधून ताकद देते, म्हणजे मागं मोठं चक्र टाकलं की मोटरलाही हलकं जातं.

कागदावर मांडलं. मी ७८, सायकल १८, पाणी पिशवी धरून एकूण १०० किलो. १२ टक्के चढ. मिड ड्राइव्ह किटसोबत पुढं ४२ दात्यांचं चेनरिंग, म्हणजे पॅडलजवळचं चक्र, येतं, मागं ३६ चं सर्वात मोठं, २९ इंची चाक, मिनिटाला ६० पॅडल मारले तर ताशी ९.७ किलोमीटर वेग होतो आणि नुसतं वजन वर चढवायला ३१५ वॅटच्या आसपास लागतात. पुढं ३४ दात्यांचं टाकलं तर वेग ७.८ आणि वॅट २५५. साठ वॅटचा फरक गुडघ्याला लगेच कळतो आणि मोटरही थंड राहते. तेव्हा ३४ चं चेनरिंग पहिल्या दिवसापासून, नंतर बघू नाही.

बॅटरीचं गणित: १०० किलो २०० मीटर वर न्यायला साधारण ५५ वॅट-अवर. त्यातला दोन तृतीयांश भार मोटरनं घेतला आणि वाटेत पाव भाग वाया गेला असं धरलं तर बॅटरीतून ४८-५०. सपाटीला किलोमीटरमागं साडेचार धरले तर तीस किलोमीटरला १३५. म्हणजे राजहंसगड जाऊन येऊन १८५ च्या घरात. ३६० ची बॅटरी भरपूर झाली. विकणारा प्रत्येकजण म्हणणार सर मोठी घ्या, रेंज मिळतंय, त्याला नाही म्हणायचं.

मोटर ठरली: टोंगशेंग टीएसडीझेड-२, ३६ व्होल्ट, २५० वॅटवाली, कारण किटमध्ये टॉर्क सेन्सर असलेली परवडणारी हीच. बाफांगची बीबीएस जास्त दणकट म्हणतात पण तिच्यात केडन्स सेन्सर, म्हणजे परत मुरमावर तोच सटकायचा खेळ. टोंगशेंगचे दोष पण माहीत असावेत: आतला एक गिअर नायलॉनचा, निळा, जास्त ताण दिला की झिजतो. लांब चढावर तापते आणि पाण्यात बुडवलेली आवडत नाही तिला. निळा गिअर सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो, त्यामुळं चालेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

वापरलेली सायकल बघायला कोल्हापूरला जाऊन आलो. खरं गेल्याच आठवड्यात जायचं होतं, पण ऊसदराचं आंदोलन पेटलेलं, हायवेवर कधी काय होईल सांगता येत नव्हतं. आज निपाणीपर्यंत ट्रॉल्याच ट्रॉल्या, म्हणजे कारखाने सुरू झाले.

वापरलेली सायकल बघताना मोटर बसवायच्या हिशेबानं बघायची, नुसती चमक बघायची नाही. पहिलं, पॅडलचा दांडा जातो ती खालची नळी, बॉटम ब्रॅकेट, आट्यांची पाहिजे, रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर. अलीकडच्या बऱ्याच फ्रेममध्ये आटे नसतात, बेअरिंग दाबून बसवलेली असते, तिथं ही मोटर सरळ बसत नाही. दुसरं, फोर्क हवेचा की स्प्रिंगचा. हवेचा फोर्क अर्धा-पाऊण किलो हलका असतो, आणि आपल्या वजनाप्रमाणं पंपानं दाब ठरवता येतो. तिसरं, फ्रेमचे वेल्डिंग, विशेषतः हँडलखाली आणि सीटच्या नळीपाशी, ओल्या फडक्यानं पुसून टॉर्च मारून बघायचे, चीर असली तर मळाची बारीक काळी रेघ राहते. चौथं, हायड्रॉलिक ब्रेक. मोटर लावल्यावर उतारावर वजन वाढतं, वायरचे ब्रेक नकोत.

विकणारा पोरगा इंजिनिअरिंगचा, नोकरीला पुण्याला निघालेला, सायकल २०१९ ची, २९ इंची, हवेचा फोर्क, मागं दहा गिअर. फोर्कच्या चकचकीत दांड्यावर नखानं घासून बघितलं, ओरखडा लागला नाही. चेन ताणलेली, मागचं टायर संपत आलेलं, त्यावर भाव पाडायला जागा मिळाली. त्यानं २६ हजार सांगितले. काटा काढला, स्टँड, मडगार्ड, कुलपाच्या क्लॅम्पसकट १४.२ किलो. त्याचे वडील बाहेर येऊन बघायला लागले, म्हणाले, ‘बेळगावचे पाहुणे सायकल वजनावर घेत्यात होय?’ चहा झाला. २१,५०० ला ठरलं, मूळ बिलाची प्रत घेतली आणि विकल्याचं साध्या कागदावर लिहून सही घेतली, फ्रेम नंबरसकट. वापरलेली घेताना हे करायलाच पाहिजे, नाहीतर उद्या चोरीची निघाली तर आपणच सापडतो.

आमच्या दोस्ताची, परशाची, पिकअप कागलला माल टाकून रिकामी परत येत होती, त्यात घालून आणली. घरी स्टँड, मडगार्ड, क्लॅम्प काढले, १३.४.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोटर बंगळूरच्या एका पार्टवाल्याकडून बिलासकट मागवली, २६,८००. फोनवर कानडीत घासाघीस केली, ‘स्वल्प कडिमी माड्री’ (जरा कमी करा) म्हटल्यावर तो हसला आणि ३४ चं चेनरिंग ॲडाप्टरसकट अर्ध्या भावात देतो म्हणाला. परदेशी वेबसाइटवर दोन-तीन हजार कमी दिसते पण कस्टमला अडकली तर कोण धावणार.

बॅटरी मात्र समोर बसून बनवून घ्यायची होती. हुबळीत एकजण पॅक बनवतो, त्याच्याकडं गेलो. त्याचा आग्रह लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या जातीच्या सेलचा, ‘सर, आयुष्य दुप्पट, आगीचं भय कमी.’ दोन्ही खरं आहे. पण तेवढ्याच वॅट-अवरला ती किलोभर जड होते आणि आकारही मोठा. माझी अट वजनाची, म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाला जिना चढायचा नसेल तर त्यानं फॉस्फेटच घ्यावी असं माझं मत आहे.

२१७०० आकाराचे सेल, ५,००० मिलिअँप-अवरचे, दहाच्या दोन ओळी, वीस सेल. ३६ व्होल्ट, १० अँप-अवर, ३६० वॅट-अवर. हेच जुन्या १८६५० सेलमध्ये केलं असतं तर तीस लागले असते आणि वेल्डिंगच्या जागा वाढल्या असत्या. सेल खरे की खोटे हे बघायला परत काटाच, यावेळी सोनारकीचा लहान. चांगला २१७०० सेल सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो, एकेक ठेवून बघितला, सगळे ६८ ते ६९. १८६५० वर ९,९०० मिलिअँप-अवर छापलेलं दिसलं तर दुकानातून उठून यायचं, त्या आकारात साडेतीन हजाराच्या फार वर जातच नाही. त्यानं प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि इंटर्नल रेझिस्टन्स मोजून जवळजवळचे एकत्र लावले, ते करताना मी शेजारी स्टुलावर बसून होतो. निकेलची पट्टी, स्पॉट वेल्डिंगचा टिक् आवाज, मग पिवळट फिशपेपर (वीज अडवणारा जाड कागद), मग बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट), मग निळं आवरण गरम हवेनं आवळलं. कव्हरसकट २.१ किलो. १४,५०० टॅक्स धरून, चार्जर १,८०० वेगळा, ४२ व्होल्ट २ अँपचा, पूर्ण भरायला साडेपाच तास.

७ डिसेंबर, रविवार

मोटर बसवली. जुना क्रँक (पॅडलचे दांडे), बॉटम ब्रॅकेटमधलं बेअरिंग, पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा), त्याचा शिफ्टर, सगळं मिळून १.६ किलो निघालं. मोटर तिच्या क्रँक आणि चेनरिंगसकट ४.४. डिस्प्ले, वायरी, स्पीड सेन्सर साडेतीनशे ग्रॅम.

अडचण एकच आली पण चांगली आली. मोटरचा पोटाचा भाग मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळीला, चेनस्टेला, घासत होता. कागदाचा तुकडा सुद्धा मध्ये जाईना. उपाय म्हणजे मोटर उजवीकडं सरकवायची, मध्ये वायसर (वॉशर). बाजारात मिळाला तो दीड मिलिमीटरचा, तेवढ्यानं भागत नव्हतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लेथवर ॲल्युमिनियमचा दोन मिलिमीटरचा काढला, फोरमननं विचारलं काय करूलास रे, म्हटलं सायकलचा हाय. उद्यमबागेत राहून एवढा फायदा नको काय, फाउंड्री आणि मशीन शॉप पावलापावलावर, वायसरसाठी कुरिअरची वाट कोण बघतंय. आट्यांना किती पकड शिल्लक राहते ते मोजून मगच लावला, कारण जाड वायसर घातला की दुसऱ्या बाजूच्या नटाला आटे कमी पडतात.

चेन नवीन घातली, लांबी मोजून. चेनलाइन बाहेर सरकली त्यामुळं मागच्या सर्वात मोठ्या चक्रावर चेन थोडी तिरकी चालते, चालवून बघू. वायरी फ्रेमच्या खालून न नेता वरून नेल्या, चिखल आणि ओढ्याचं पाणी खालीच लागतं. जोडाला सिलिकॉन ग्रीस.

शेवटी काट्याला टांगली. १८.६. घरच्यांना आकडा दाखवला, उत्तर आलं, ‘अहो, ती आधी हॉलमधनं काढा.’

१४ डिसेंबर, रविवार

पहिली मोठी फेरी, वडगाव, येळ्ळूर, राजहंसगड. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळं हायवेच्या बाजूला गाड्यांचे ताफे, आम्ही उलट दिशेला त्यामुळं त्रास नाही. येळ्ळूरपर्यंत सर्वात खालच्या मोडवर, म्हणजे मोटर आहे की नाही तेच कळत नव्हतं. गडाच्या शेवटच्या चढावर मधला मोड, मागं ३६ चं चक्र, आणि बसूनच वर आलो. पायात जोर लावावा लागतोच, घाम येतोच, फक्त गुडघा बोलत नाही. मुरमावर मुद्दाम उतरवून परत चढवली, मागचं चाक सटकलं नाही, पाय हलका केला की मोटर हलकी होते. मोटरचा आवाज मात्र आहे, शिट्टीसारखा बारीक, शांत रस्त्यावर ऐकू येतो.

वर शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी नेहमीप्रमाणं गर्दी आणि कांदाभजी. मार्च २०२३ ला या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं, एकदा एका पक्षाकडून, तीनच दिवसांनी दुसऱ्याकडून, भजीवाल्याचा मात्र दोन्ही वेळा धंदा झाला असणार.

निघताना ४१.८ व्होल्ट, घरी आलो तेव्हा ३७.६, मीटरवर १९० वॅट-अवर. कागदावरचे १८५ आणि हे १९०. उतरल्यावर मोटरच्या कव्हरला हात लावून बघितला, कोमट.

२१ डिसेंबर, रविवार

हिंडलगा, बाची, शिनोळी, देवरवाडी, वैजनाथ आणि वर महिपाळगड. शिनोळीला महाराष्ट्र लागतो, रस्त्याच्या डांबरावरूनच कळतं, कधी इकडचं चांगलं असतं कधी तिकडचं. वैजनाथपर्यंत सायकलवर, पुढं दगडी भाग आला तिथं सरळ खांद्यावर घेतली. बॅटरीमुळं वजन पुढच्या खालच्या नळीवर आहे, त्यामुळं खांद्यावर घेतली की पुढचं चाक खाली झुकतं, पण जमतं. सोबतच्या परशाची तयार इलेक्ट्रिक २५ किलोची, ती आम्ही दोघांनी धरून नेली, आणि तेवढ्यात त्यानं विचारलं तुझीला टोटल खर्च किती आला म्हणून.

येताना शेवटचे पाच-सहा किलोमीटर मुद्दाम मोटर बंद करून चालवली. या मोटरला आत वन-वे क्लच असल्यामुळं बंद असताना फार ओढत नाही, साधी जरा जड एमटीबी चालवल्यासारखी चालते.

जांबोटीकडं जायचं म्हणून दोघं-तिघं मागं लागलेत. डांबरी आणि गावाचे रस्ते ठीक, पण भीमगड अभयारण्यात सायकल घेऊन शिरायचं नाही हे आधीच सांगून ठेवलं, परवानगीचा प्रश्न आहेच आणि शिवाय खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, २५ ला तुटणारी मोटर तिथं कामाची नाही.

२८ डिसेंबर, रविवार

हिशेब. सायकल २१,५००, मोटर किट २६,८००, बॅटरी १४,५००, चार्जर १,८००, चेन, चेनरिंग, ग्रीस, वायसरचं सामान मिळून २,६००. एकूण ६७,२००. जुना क्रँक आणि डिरेलर खडे बाजारातल्या एका सायकलवाल्यानं १,२०० ला घेतले, म्हणजे ६६ हजार. चार वर्षांनी बॅटरी बदलायची झाली तर आजच्या भावानं साडेचौदा, आणि ती कुणीही पॅकवाला करून देईल, कनेक्टर साधा ठेवलाय. परशाच्या बॅटरीचा भाव त्याच्या कंपनीला विचारला तर अजून उत्तर आलेलं नाही.

वजन अजून कमी होईल काय तर होईल, ट्यूब काढून टायर ट्यूबलेस केले की तीनेकशे ग्रॅम, सीटपोस्ट बदलला की दीडशे. पण इथून पुढं ग्रॅममागं पैसे जास्त जातात, तेव्हा ट्यूबलेस तेवढं करायचं, बाकी राहू दे. बॅटरी रोज १०० टक्के भरून ठेवत नाही, रविवार संपला की ५०-६० वर ठेवतो आणि शनिवारी रात्री पूर्ण.

राहिलेली कामं: मागचं टायर, मागच्या चाकाचा आउट (डोलणं) काढायचा, तिरक्या चेनमुळं मोठ्या चक्रावर टकटक येतंय त्यासाठी चेनरिंग आत घेणारा ॲडाप्टर मिळतो काय बघायचं, नाहीतर लेथ आहेच. आणि मे महिन्याच्या आत मोटरच्या जोडांना परत ग्रीस, इकडं वळीव सांगून येत नाही.